जमेची बाजू कोरीच का राहते?

दर महिन्याच्या पाच तारखेला आमच्या बचतगटाची बैठक असते. धाटावच्या एमआयडीसीतली दुसरी शिफ्ट सुरू झाली, घरातली पुरुषमंडळी एकतर कामावर गेली किंवा कामावरून येऊन आडवी झाली, की साडेतीनला आम्ही पंधराजणी एकीच्या ओटीवर जमतो. हप्ते गोळा होतात, कर्जाचे अर्ज वाचले जातात, मग चहा आणि गप्पा. गटाची कीर्द पहिल्यापासून एकाच बाईंच्या हातात. आम्ही सगळ्या त्यांना 'वहिनी' म्हणतो. इथेही मी तेवढंच म्हणणार आहे. हा मजकूर त्यांना आधी वाचून दाखवला, त्यांनी 'छापा ताई, कुणाच्या तरी उपयोगी पडेल' म्हटलं, तेव्हाच पाठवला.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. गणपती नुकतेच गेले होते. बैठकीत वहिनींनी वही माझ्यासमोर सरकवली आणि म्हणाल्या, "ताई, हे आता दुसऱ्या कुणाकडे तरी द्या. माझ्याकडून होत नाही. मी कुठल्याच कामाची नाही."

आम्हाला हसूच आलं. वहिनी आणि कामाच्या नाहीत? बँकेचा माणूस ज्यांच्या वहीचं कौतुक करतो त्या वहिनी? झालं होतं एवढंच, की एका सभासदाचे तीनशे चाळीस रुपये चुकून दुसरीच्या पानावर लिहिले गेले होते. चूक त्यांची त्यांनाच सापडली आणि त्यांनीच ती दुरुस्तही केली. पण नंतरचे तीन आठवडे त्या तेच एक घोकत राहिल्या. रात्री दोनला उठून बसायच्या. जेवण तुटलं. बाजारात जाणं बंद झालं.

मग आपण बायका जे करतो तेच आम्ही केलं. "अहो, एवढं काय मनाला लावून घेता?" "नवरा निर्व्यसनी, मुलगा नोकरीला, स्वतःचं घर, आणखी काय हवं?" एक म्हणाली, "सकाळी फिरायला जात जा, सगळं पळून जाईल." मी तर दोन पावलं पुढे! मी समाजकार्य करते, चार माणसांत बोलते, बी.ए.ला मानसशास्त्राचा एक पेपरही होता. मी त्यांच्या घरी जाऊन तासभर त्यांच्या चांगल्या गोष्टींची यादीच वाचली. कुणाच्या बाळंतपणात रात्रभर जागल्या, कुणाच्या मुलीची फी भरली, सगळं सगळं. त्या खाली मान घालून ऐकत होत्या. मला वाटलं, पटलं त्यांना.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. "ताई, तुम्ही सगळ्या किती चांगल्या आहात हो. आणि मी तुमचा असा वेळ खाते. माझ्यासारखीला तुम्ही सांभाळून घेता म्हणून, नाहीतर..."

मैत्रिणींनो, त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं, की मी तासभर जे जमेच्या बाजूला लिहून आले होते, ते रातोरात खर्चाच्या बाजूला गेलं होतं. माझ्या कौतुकाचाही त्यांच्या मनाने त्यांच्याविरुद्ध पुरावा केला होता!

असं का व्हावं? बाई हुशार, हिशेबात पक्की. मग स्वतःचाच हिशेब एवढा चुकीचा कसा मांडते? मी जुनी पुस्तकं काढली, नवीन मिळवून वाचली, डॉक्टरांना विचारलं. त्यातून जे समजलं ते आज तुम्हाला सांगावंसं वाटतं.

आपलं मन स्वतःविषयीची माहिती जरा वेगळ्याच पद्धतीने घेतं. रोहा स्टेशनवर केवढा गलबला असू दे, कुणी आपलं नाव घेतलं की आपण वळून बघतोच. १९७७ साली रॉजर्स, क्विपर आणि कर्कर या मानसशास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की नुसता वाचलेला शब्द आपण विसरतो, पण 'हा शब्द मला लागू पडतो का?' असा विचार करून वाचलेला शब्द जास्त लक्षात राहतो. म्हणजे स्वतःच्या नावाचा एक कप्पा प्रत्येकाच्या मनात असतो आणि त्या कप्प्यात गेलेली गोष्ट टिकते. मन निरोगी असेल तर त्या कप्प्यात चांगलंही पडतं, वाईटही पडतं, आणि खरं सांगायचं तर आपण स्वतःला थोडं झुकतं मापच देतो. चार माणसांनी भाजी चांगली झाली म्हटलं आणि एकीने तिखट म्हटलं, तर आपण चौघांचं धरून बसतो.

डिप्रेशनमध्ये, म्हणजे नैराश्याच्या आजारात, हे माप उलटं होतं. १९८१ साली डेरी आणि क्विपर यांनी नैराश्याच्या रुग्णांना काही शब्द दाखवले. काही चांगल्या गुणांचे, काही 'निरुपयोगी', 'हताश' अशा अर्थाचे. प्रत्येक शब्दापाशी विचारलं, हा तुम्हाला लागू पडतो का? नंतर यादी बाजूला ठेवून, आठवतील ते शब्द सांगायला सांगितले. ज्यांना आजार नव्हता त्यांना स्वतःविषयीचे चांगले शब्द जास्त आठवले. रुग्णांना आठवले ते स्वतःला लावलेले वाईट शब्द. यादी एकच, पण मनाने ठेवून घेतलं ते वेगळं.

तुम्ही म्हणाल, कावीळ झालेल्याला सगळंच पिवळं दिसतं, तसंच ना? मलाही तसंच वाटलं होतं. पण इथे एक फरक आहे आणि तो फार महत्त्वाचा आहे. १९८३ साली ब्रॅडली आणि मॅथ्यूज यांनी रुग्णांना हेच शब्द स्वतःबद्दल आणि दुसऱ्या माणसाबद्दलही विचारले. दुसऱ्याचा प्रश्न आला की वाईटच तेवढं आठवण्याचा हा प्रकार दिसला नाही. वाकडं पडत होतं ते स्वतःपुरतं! आता वहिनींचा फोन आठवा. 'तुम्ही सगळ्या किती चांगल्या', हे त्यांना अगदी लख्ख दिसत होतं. अंधार होता तो फक्त स्वतःच्या पानावर. म्हणूनच अशी बाई घरातल्यांना 'बरी'च वाटते. सुनेशी नीट बोलते, शेजारणीला योग्य सल्ला देते. मग आपण म्हणतो, "लोकांना शिकवते, मग स्वतःचं कळत नाही? नाटकं आहेत सगळी." नाटक नसतं हो ते. आजारच तसा आहे.

अर्थ लावण्यातही तेच. त्याच हिवाळ्यात आमच्या वाडीत पोपटी लावली होती. वालाच्या शेंगा, भांबुर्डीचा पाला, मडकं, जाळ, सगळं दरवर्षीसारखं. मडकं भरायचं काम वर्षानुवर्षं वहिनींचं. पोपटी झकास झाली. मी म्हटलं, "वहिनी, हात तुमचाच." त्या म्हणाल्या, "शेंगाच चांगल्या होत्या यंदा." आणि तळाच्या थोड्या शेंगा खारट लागल्या, तर लगेच, "मीच मीठ जास्त टाकलं. माझं कुठे लक्ष असतं!" बघा. चांगलं झालं ते शेंगांमुळे, बिघडलं ते माझ्यामुळे. आजारी मन दिवसभर असाच हिशेब लिहीत असतं.

अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ डॉ. ॲरन बेक यांनी १९६०च्या दशकात रुग्णांशी बोलता बोलता हेच टिपलं. मी निरुपयोगी, जग माझ्याशी असंच वागणार, आणि पुढेही काही बदलणार नाही, हे ते तीन पदर. हे विचार रुग्ण मुद्दाम करत नाही, ते आपोआप येतात आणि येताना अगदी खरे वाटतात. या निरीक्षणातून त्यांनी विचार तपासून पाहण्याची उपचारपद्धती उभी केली. २०२१ साली, शंभराव्या वर्षी ते गेले. त्यांची पद्धत आज जगभर वापरली जाते.

आणखी एक गोष्ट वाचली आणि मला अक्षरशः चरका बसला. १९८६ साली ब्रिटनमध्ये विल्यम्स आणि ब्रॉडबेंट यांनी, जीव देण्याच्या प्रयत्नातून वाचलेल्या माणसांना एकेक शब्द देऊन त्यावरून एखादा ठरावीक प्रसंग सांगायला सांगितला. 'आनंद' म्हटलं की तुमच्या-माझ्या डोळ्यांसमोर एखादा दिवस उभा राहतो. मुलीचा दहावीचा निकाल लागला ती दुपार, तिने घातलेला फ्रॉक, आणलेले पेढे. या माणसांना असा एक दिवस सांगणं जड जात होतं. 'लहानपणी बरं होतं' असं काहीतरी मोघम ती सांगत. म्हणजे चांगल्या आठवणींची नोंद तर सापडते, पण तारीख नाही, तपशील नाही. आणि ज्या नोंदीला तपशील नाही ती हिशेबात कोण धरणार?

म्हणून "चांगल्या गोष्टी आठव ना" असं सांगून भागत नाही. ती बाई आठवायला जाते, हाती काही लागत नाही, आणि मग 'माझ्या आयुष्यात चांगलं काही नव्हतंच' हा तिचा समज आणखी पक्का होतो.

पण यात एक आशेची गोष्ट आहे. आठवणी पुसल्या गेलेल्या नसतात. १९८२ साली क्लार्क आणि टीसडेल यांनी, ज्यांचा मूड दिवसात खालीवर होतो अशा रुग्णांना दोन वेगवेगळ्या वेळी आठवणी विचारल्या. मन जास्त खिन्न असताना दुःखाच्या आठवणी जास्त आल्या, आणि त्याच माणसांना मन जरा हलकं असताना सुखाच्या जास्त आल्या. माणूस तोच, आयुष्य तेच. म्हणजे पेटी रिकामी नाही, कुलूप लागलेलं आहे.

मात्र हे कुलूप वेळीच उघडलं नाही तर काय होतं, तेही सांगायला हवं. त्याच हिवाळ्यात एका संध्याकाळी वहिनी अगदी शांतपणे म्हणाल्या, "मी नसले तर यांचं सगळं नीट होईल." आवाजात रडणं नाही, राग नाही. बेरीज करून उत्तर सांगावं तसं. मी हादरले. जमेची बाजू महिनोन्महिने कोरी ठेवली तर तळाला उत्तर हेच येणार! त्यांना ते उत्तर बरोबर वाटत होतं, कारण समोर आकडेच तेवढे होते.

त्या वेळी मी वाद घातला नाही. सरळ विचारलं, "वहिनी, जीव द्यायचं मनात येतं का?" पुष्कळांना वाटतं, असं विचारलं तर नसलेलं मनात भरवल्यासारखं होईल. तसं होत नाही. विचारल्यावर त्या पहिल्यांदाच घळाघळा रडल्या. त्या रात्री त्यांना एकटं सोडलं नाही आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्या मिस्टरांना घेऊन आम्ही डॉक्टरांकडे गेलो.

डॉक्टरांनी आधी रक्त तपासलं, कारण थायरॉईड, रक्ताची कमतरता यांनीही माणूस असा गळून जातो. मग गोळ्या सुरू केल्या आणि सांगितलं, गुण यायला काही आठवडे लागतील, मध्येच बंद करू नका. आणि एक वही घालायला सांगितली. रोज संध्याकाळी दोन ओळी, त्या दिवशी हातून काय झालं तेवढंच. चांगलं-वाईट लिहायचं नाही. 'सकाळी पाणी भरलं. अकरा वाजता भाकऱ्या केल्या, सहा.' बस्स! सुरुवातीला वहिनी म्हणाल्या, "यात काय लिहायचं? हे तर कुणीही करतं." तरी लिहीत राहिल्या. हिशेब लिहायची सवयच ती, ती कामी आली.

मी पण माझी पद्धत बदलली. कौतुक बंद केलं. "कशा आहात?" हेही बंद केलं, कारण त्याचं उत्तर ठरलेलं, "काही खरं नाही." त्याऐवजी विचारायची, "मंगळवारी सकाळी काय काय केलंत?" "काल ती नातेवाईक बाई आली होती, ती काय म्हणाली?" ठरावीक दिवस, ठरावीक गोष्ट. आणि बोलण्यापेक्षा बरोबर जाणं वाढवलं. आज कुंडलिकेच्या पुलापर्यंत. उद्या रोह्याच्या बाजारात, फक्त कोथिंबीर आणायला.

आता तुम्ही म्हणाल, आपण का डॉक्टर आहोत? नाही. पण आपल्या कोकणपट्टीच्याच शेजारी गोव्यात काय झालं ते ऐका. तिथे 'संगथ' ही संस्था १९९६ पासून काम करते. त्यांनी मानसोपचाराचं आधी कुठलंही शिक्षण नसलेल्या स्थानिक माणसांना तयार केलं आणि दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्याच्या ४९५ रुग्णांवर अभ्यास केला. निम्म्या रुग्णांना केंद्रातली नेहमीची सेवा, आणि निम्म्यांना त्याशिवाय या समुपदेशकांबरोबर सहा ते आठ भेटी. या भेटींत भर कशावर होता? तुमचे विचार कसे चूक आहेत यावर वाद घालण्यावर नव्हता. रोजच्या आयुष्यातल्या, अंगावेगळ्या झालेल्या गोष्टी हळूहळू पुन्हा सुरू करण्यावर होता. २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष छापून आले. तीन महिन्यांनी या भेटी मिळालेल्यांपैकी ६४ टक्के बरे झाले होते, नुसती नेहमीची सेवा मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. मला वाटतं, यातलं मर्म साधं आहे. आजारी मन दुसऱ्याचे शब्द परतवून लावतं, पण स्वतःच्या हातांनी आज केलेलं काम नाकारणं त्याला जड जातं.

आपल्याकडे मात्र आजही परिस्थिती काय आहे? बंगळुरूच्या निम्हान्सने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत, साधारण वीस माणसांमागे एकाला आयुष्यात केव्हा ना केव्हा नैराश्याचा आजार होतो असं दिसलं. आणि त्यांतल्या सुमारे ८५ टक्के लोकांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. का नाहीत? केंद्र दूर, डॉक्टर कमी, लोक काय म्हणतील, ही कारणं आहेतच. पण मला वाटतं, आणखी एक कारण आजाराच्या पोटातच आहे. जी बाई स्वतःला 'खर्चाची बाब' समजते, ती स्वतःवर डॉक्टरची फी आणि एसटीचं भाडं कशाला खर्च करील? तिला विचाराल तर ती 'नको' म्हणणारच. म्हणून तिच्या 'नको'वर थांबू नका. पाय दुखतोय म्हणून कुणी डॉक्टरांकडे चालत जाईना, तर आपण रिक्षा आणतोच ना?

म्हणून बचतगटांना, महिला मंडळांना, भिशीच्या मैत्रिणींना माझी कळकळीची विनंती आहे. कुणी दोन आठवड्यांहून जास्त काळ खिन्न असेल, झोप-जेवण बिघडलं असेल, कशात रस उरला नसेल आणि तोंडात सारखं 'माझंच चुकलं' असेल, तर तिला उपदेश करू नका आणि आपल्या सुखी संसाराची यादीही वाचू नका. घरच्या माणसाला बाजूला घेऊन बोला. आशाताईंना सांगा, आरोग्य केंद्रात किंवा जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयात बरोबर जा. शासनाची 'टेली मानस' ही सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही, फुकट आणि मराठीतून बोलता येतं. तुमच्या गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर हा नंबर लिहून ठेवा. आणि कुणी 'मी नसले तर' असं म्हणाली, तर ते हसण्यावारी नेऊ नका. तिला एकटी ठेवू नका, त्याच दिवशी हालचाल करा.

आणि हे वाचणारी एखादी तू स्वतःच त्यातून जात असशील, तर तुला एवढंच सांगते. तुला स्वतःबद्दल जे अगदी खात्रीने वाटतंय ना, त्या खात्रीवर सध्या विसंबू नकोस. निकाल आत्ता लावू नकोस. वही लिहिणारा सध्या आजारी आहे. आधी त्याला बरं होऊ दे.

वहिनींना सावरायला सात-आठ महिने लागले. एकदम नाही, दोन पावलं पुढे, एक मागे असं. पुढच्या गणपतीनंतरच्या बैठकीला त्या स्वतःहून म्हणाल्या, "द्या इकडे वही." आजाराच्या काळात पहिले तीन महिने कीर्द त्यांनीच लिहिली होती, दुसरी कुणी तयारच नव्हती. ती पानं त्यांनी पुन्हा सावकाश उलटली. ओळीवर बोट ठेवून बेरजा केल्या. आम्ही चहा गाळेपर्यंत त्यांचं तेच चाललं होतं.

मग मान वर करून माझ्याकडे बघितलं. "ताई, यात एकही चूक नाही हो. मला तर त्या वेळी वाटत होतं, सगळं वाटोळं केलंय मी."

अक्षरही तसंच होतं. गोल, सुवाच्य, नेहमीसारखं.